चाकांवरच्या घरातला उन्हाळा

मोटारहोम म्हणजे चाकांवरचे पत्र्याचे घर. माती-विटांच्या जाड भिंतीतून दुपारचे ऊन आत पोहोचायला काही तास लागतात, तोवर सूर्य कललेला असतो. पत्र्याला काही मिनिटे पुरतात. हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या परिसरात, एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो. औंढा नागनाथ, नरसी नामदेव आणि नांदेडचा सचखंड गुरुद्वारा ही तीर्थे इथून फार लांब नाहीत, आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून राहण्याची सोय असलेल्या गाड्यांचा विचार राज्यात गांभीर्याने होऊ लागला आहे. अशी गाडी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात राहण्याजोगी ठेवायची तर पहिले काम उष्णता आत येऊ न देण्याचे. आत आलेली बाहेर काढणे हे त्यानंतरचे काम, आणि ते नेहमीच महाग पडते.

उष्णतेचा सगळ्यात मोठा दरवाजा म्हणजे टप. या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याला सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि शून्य सावलीचा दिवस अनुभवता येतो. त्या दिवसांत भिंतींवर ऊन तिरपे घसरते, टपावर मात्र सरळ उतरते. स्वच्छ आकाशातून दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट इतकी ऊर्जा पडते. सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद टपावर हा हिशेब १२ किलोवॅटच्या घरात जातो. दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालला तरी जेमतेम पाच किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. टपावर पडलेली सगळी ऊर्जा आत येत नाही हे खरे, पण किती येऊ द्यायची हे ठरवणे बरेचसे आपल्या हातात आहे.

गडद रंगाचा टप पडलेल्या उन्हातले नऊ-दशांश शोषून घेतो. स्वच्छ पांढरा टप चौथ्या हिश्श्याच्या आसपास. कोरा चकचकीत पत्रा ऊन परतवतो म्हणून तो थंड राहील असा समज आहे. प्रत्यक्षात तो पांढऱ्या रंगाच्या पत्र्यापेक्षा जास्त तापतो, कारण उघडा धातू एकदा तापला की उष्णता किरणांच्या रूपाने सहज सोडत नाही आणि पांढरा रंग ती सोडतो. अहमदाबादेत २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार झाला. पुढे तिथल्या गरीब वस्त्यांमधील छतांना पांढरा रंग देण्याचे काम हाती घेतले गेले, ते याच तत्त्वावर. गाडीच्या टपाला चुन्याऐवजी न पोपडणारा, ऊन परतवणारा रंग हवा, आणि तो धुवावा लागतो. फुफाट्याच्या रस्त्यावरून आलेला पांढरा टप आठवडाभरात मळकट होतो आणि त्याचा निम्मा गुण धुळीखाली जातो.

रंगाहूनही मोठा फरक पडतो तो दुसऱ्या छपराने. रोपवाटिकेत वापरतात तीच ग्रीन नेट टपाच्या वर वीतभर अंतर सोडून ताणली, तर ऊन जाळीवर अडते आणि मधून वारा खेळतो. हे अंतर फार महत्त्वाचे. ताडपत्री टपाला चिकटून अंथरली की ती स्वतः तापते आणि सगळी उष्णता खाली देते. सौर पॅनेलही असेच बसवावेत, म्हणजे ते वीज देतील आणि टपावर सावलीही धरतील. खालून वारा मिळाला नाही तर पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतात आणि वीज सुमारे १५ टक्क्यांनी घटते. टोकाई साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पाहिल्या तर उसाच्या पाचटाखालची कोपी प्लॅस्टिकच्या कागदाखालच्या कोपीपेक्षा दुपारी सुसह्य असते, कारण पाचटाच्या थरात हवा अडकलेली असते. गाडीवर मात्र वाळले पाचट टाकू नये. एका ठिणगीचे काम असते.

पत्रा आणि आतले अस्तर यांच्यामध्ये पफ किंवा थर्माकोलचा थर असतो. तो दोन इंचांचा असेल तर उत्तम, पण पोलादी पट्ट्यांवरून तो तुटला की त्या पट्ट्यांमधून उष्णता आत येत राहते. दुपारी छतावर आतून हात फिरवला की गरम रेघा हाताला लागतात. पट्ट्या नेमक्या तिथेच असतात आणि अस्तर तिथेच वाढवायचे असते.

काचांचे गणित वेगळे आहे. ऊन काचेतून आत येते, आतल्या वस्तू तापतात आणि त्यांची उष्णता काचेतून परत जात नाही. बंद गाडी उन्हात तासभर राहिली तर आतले तापमान बाहेरच्यापेक्षा सुमारे २० अंशांनी चढते, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. पाच मिनिटांत येतो म्हणून मुलांना किंवा जनावरांना आत ठेवून जाणे जीवघेणे आहे. काचेवरचा पडदा बाहेरून लावावा. आतून लावलेला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो. काळ्या फिल्मचा मोह टाळावा. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायलाच हवा.

गाडी कुठे आणि कशी उभी करायची यावर निम्मा दिवस ठरतो. गाडीची लांबी पूर्व-पश्चिम धरावी, म्हणजे लांब भिंतींवर ऊन कमी पडते. तोंड पूर्वेला ठेवावे, म्हणजे तीन-चार वाजताचे सगळ्यात त्रासदायक ऊन समोरच्या मोठ्या काचेवर येत नाही. दुपारनंतर झाडाची सावली पूर्वेकडे सरकते, म्हणून गाडी झाडाच्या पूर्वेला उभी करावी. या पट्ट्यात पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी आहे आणि केळीच्या बागा आहेत. उन्हाळ्यातला वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. भिजलेल्या बागेवरून आलेला वारा उघड्या रानावरच्या झळांपेक्षा थंड असतो. बागेच्या पूर्वेची जागा त्यामुळे दोन्ही हिशेबांनी बरी, फक्त संध्याकाळी डास येतात. दोन धोके ध्यानात ठेवायचे. वळवाच्या वादळात जुन्या झाडाच्या वाळक्या फांद्या मोडतात आणि विजाही पडतात, म्हणून आभाळ भरून आले की झाडाखालून निघावे. आणि काळ्या रानात एक सर पडली की जड गाडीची चाके रुततात. मुरमाची जागाच शोधावी.

यानंतर हवा. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत आत ५० अंश झाले असतील तर टपावरचा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावावा आणि सावलीच्या बाजूची खालची खिडकी उघडावी. गाडी एकदा थंड झाली आणि बाहेर झळा सुरू झाल्या की उलट करायचे, खिडक्या लावून घ्यायच्या. रात्री सगळे उघडायचे. सकाळपर्यंत पलंग, गाद्या, फळ्या जितक्या निवतील तितका दुपारचा चटका उशिरा जाणवतो. स्वयंपाक पहाटे किंवा गाडीबाहेर करावा. गॅसची एक शेगडी आत दोन किलोवॅटच्या आसपास उष्णता सोडते, शिवाय वाफही.

मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर हे खरे साधन आहे. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतून सुमारे ०.६७ किलोवॅट-तास उष्णता घेते. तासाला तीन लिटर पाणी उडाले तर दोन किलोवॅटचा गारवा मिळतो, आणि वीज लागते ती पंखा व पंपापुरती, शे-दीडशे वॅट. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असताना चांगल्या ओल्या जाळीतून येणारी हवा २७-२८ अंशांची असते. वाळ्याच्या ताटीने हेच काम पूर्वापार केले आहे. कूलरसमोरची खिडकी मात्र उघडी हवी. ती लावली की दमट हवा आतच फिरते आणि अर्ध्या तासात चिकचिक होते. पाणी आठवड्याला पूर्ण बदलावे, टाकी घासावी, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. मृगाच्या आसपास हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी ठरतो. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला त्याची हवा जेमतेम चार-पाच अंशांनी उतरते आणि ओलीच असते.

तिथून पुढे एसी. एक टनाचा एसी एक किलोवॅटच्या वर वीज खातो. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत २.४ किलोवॅट-तास साठा असतो. लेड-ॲसिड बॅटरीतला निम्माच वापरावा, म्हणजे एसी फार तर तासभर. लिथियम बॅटरी दोन तासांच्या आसपास पुरते. म्हणून टप, काच आणि सावली यांवर आधी खर्च न करता बसवलेला एसी बॅटरी संपवतो आणि गाडी तापलेलीच राहते. मग जनरेटर सुरू ठेवून झोपण्याचा मोह होतो, आणि तो प्राणावर बेततो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत आढळले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे तपासात निष्पन्न झाले. या वायूला वास नसतो, रंग नसतो. इंजिन किंवा जनरेटर चालू असताना गाडीत झोपू नये, आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र आत बसवलेले असावे.

एवढे करूनही काही दुपारी गाडी राहण्याजोगी नसते. हवा ४० अंशांच्या वर गेली की कोरड्या अंगावर पंखा उलट तापवतो. अंग ओल्या कापडाने पुसत राहिले तरच त्याचा उपयोग. ताक, पन्हे, मीठ-साखरेचे पाणी घेत राहावे आणि बारा ते चार देवळाच्या दगडी ओवरीत किंवा जुन्या जाड भिंतींच्या घरात काढावेत. कुणी असंबद्ध बोलू लागला, अंग भाजू लागले किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. माणसाला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नये.