पस्तिशीतले मुरूम

‘लग्न झालं की आपोआप जातील,’ असं विशीतल्या मुलीला घरोघरी ऐकवलं जातं. लग्न होतं, मूल शाळेत जायला लागतं, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात हनुवटीवर पुन्हा तीच खोल, ठणकणारी गाठ येते. मग नवे सल्ले सुरू होतात : पोट साफ ठेव, तेलकट खाऊ नकोस, तोंड नीट धूत जा. म्हणजे दोष तिचाच! हे आधी थांबायला हवं.

पंचविशीनंतर टिकून राहिलेल्या किंवा नव्याने आलेल्या मुरुमांचा अस्वच्छतेशी संबंध नाही. त्वचेतल्या तैलग्रंथी अँड्रोजेन या हार्मोन्सच्या हुकमावर चालतात. ती पुरुषांची हार्मोन्स म्हणून ओळखली जातात, पण बायकांच्या शरीरातही तयार होतात. त्यांच्यामुळे तेल वाढतं, मृत पेशींनी छिद्राचं तोंड बुजतं, आत जंतू वाढतात, सूज येते. रक्तातलं प्रमाण बेताचं असूनही हे घडतं, कारण ग्रंथीच त्या हार्मोनला जास्त दाद देते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्रास मनाचा ठरत नाही.

पाळी दोन-दोन महिने लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, डोक्यावरचे विरळ होत असतील, तर मात्र पीसीओएस या बीजकोशांच्या विकाराची तपासणी करून घ्यावी. अनियमित पाळी, अँड्रोजेन वाढल्याच्या खुणा आणि सोनोग्राफीत दिसणारी बीजकोशांची विशिष्ट रचना, या तिन्हींपैकी दोन गोष्टी निदानासाठी असाव्या लागतात. नुसत्या सोनोग्राफीवर शिक्का मारू नये. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना केलेल्या हार्मोन तपासण्या फसव्या निघतात, म्हणून गोळ्या चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब मांडता, तिथेच पाळीची तारीख आणि नवी गाठ आली तो दिवस टिपून ठेवा. दोन-तीन महिन्यांची ती पानं डॉक्टरांना खूप काही सांगून जातात.

सर्वांत मोठं नुकसान होतं ते औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या ‘गोरं करणाऱ्या’ ट्यूबमुळे. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, लाली बसते, आणि मैत्रिणीलाही तीच ट्यूब सुचवली जाते. पुढे त्वचा पातळ होते, उन्हात आग होते, बारीक लव उगवते आणि थांबवलं की मुरूम दुपटीने उसळतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ती मुरुमांसाठी नाही. महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

खऱ्या उपचाराची सुरुवात साधी असते. अ‍ॅडापॅलीनचं मलम रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, मटारच्या दाण्याएवढंच. तेवढं सगळ्या चेहऱ्याला पुरतं. नुसत्या पुळीवर ठिपका देऊन भागत नाही, कारण पुढची पुळी शेजारच्या स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेत तयार होत असते. सुरुवातीला एक दिवसाआड लावा; कोरडेपणा येतो, सालं निघतात, नंतर बसतं. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड दिलं असेल तर जुना टॉवेल वापरा, रंग उडतो. आज दिसणारी पुळी काही आठवड्यांपूर्वीच आत सुरू झालेली असते, म्हणून बारा आठवड्यांआधी औषध निरुपयोगी ठरवू नये. बहुतेकजणी चौथ्या-पाचव्या आठवड्यात सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

एवढ्याने भागलं नाही तर हार्मोनच्या बाजूने इलाज करतात. स्पायरोनोलॅक्टोन हे मुळात रक्तदाबाचं औषध ग्रंथीवरचा अँड्रोजेनचा परिणाम अडवतं. इंग्लंड आणि वेल्समधल्या ४१० स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले : बाराव्या आठवड्यात फरक थोडा होता, चोविसाव्यात जास्त ठळक. गर्भनिरोधक गोळ्यांनीही फायदा होतो, पण सिगारेट ओढणाऱ्या पस्तिशीपुढच्या, रक्तात गुठळी झालेल्या किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठणाऱ्या स्त्रियांना त्या देत नाहीत. याखेरीज आयसोट्रेटिनॉइन हे औषधही गुणकारी आहे, मात्र त्या काळात गर्भ राहणं बाळासाठी अत्यंत घातक. दिवस जायची इच्छा असेल तर कुठलंही औषध सुरू करण्याआधी स्पष्ट बोला; अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडसारखे पर्याय तेव्हाही चालतात.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर पुळी बसली तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, आणि ऊन तो आणखी गडद करतं. म्हणून सनस्क्रीन हा उपचाराचाच भाग आहे. अभ्यंगस्नानाचं उटणं अंगाला खुशाल लावा. चेहऱ्यावर सूज असेल तर तिथे ते घासू नका, आणि लिंबू तर मुळीच चोळू नका.