घर राखणारें माणूस

लग्नसराईचे दिवस आले आणि निमंत्रणपत्रिका दाराशीं येऊन पडूं लागल्या, कीं घरोघरीं जाण्यायेण्याचे बेत सुरू होतात. आगगाडीचीं तिकिटें निघतात, आहेराच्या साड्या निवडून होतात, कार्यालयांत कोणीं कोणत्या खोलींत निजावें येथपर्यंत वाटाघाटी होतात, आणि निघण्यास चार दिवस उरले असतां घरांतील एखादें लहान मूल विचारतें, "पण आपल्या भुऱ्याचें काय?" ज्या वाचकांच्या घरीं कुत्रें अगर मांजर आहे त्यांस हा प्रसंग नवा नाहीं. ज्यांच्या घरीं नाहीं त्यांनींही पुढील मजकूर वाचावा अशी आमची विनंति आहे. कारण मांजरापासून निघालेली ही गोष्ट घरांतल्या माणसांपर्यंत येऊन पोंचते.

आमच्या लहानपणीं हा प्रश्न कोणासच पडत नसे. पुण्यांत आमचा वाडा होता, घरांत लहानमोठीं मिळून एकोणीस माणसें होतीं, आणि मांजरांची मोजदाद कोणीं ठेविली नव्हती. वैश्वदेव झाल्यावर काकबळी बाहेर ठेवला जाई, कुत्र्याचा घांस वेगळा निघे, आणि मांजरें आपला वांटा कोणास न विचारतां घेत. सारें घर परगांवीं गेलें तरी दारास कुलूप म्हणून लागत नसे, कारण मागें आत्याबाई असत. ह्या आमच्या वडिलांच्या आत्या. वयाच्या सतराव्या वर्षीं त्या माहेरीं परत आल्या, आणि पुढें साठ वर्षें लाल आलवणांत त्या घरांत वावरल्या. "कोणीतरी घर राखायला हवेंच," असें त्या आपण होऊन म्हणत, आणि त्यांनीं म्हटलें म्हणजे तें बाकीच्यांस म्हणावें लागत नसे. मंगलकार्यांत त्यांनीं समोर येऊं नये हें खरें कारण; घर राखणें हें त्याचें चारचौघांत सांगण्याजोगें नांव.

१९६४ सालीं आमच्या धाकट्या काकांचें लग्न साताऱ्यास झालें. काकांस आत्याबाईंनीं अंगाखांद्यावर वाढविलेलें. वऱ्हाड निघालें तेव्हां त्या दारापर्यंतही आल्या नाहींत. माजघरांत उभ्या राहिल्या. चार दिवसांनीं आम्ही परत आलों, तों मनीमांजर धान्याच्या रिकाम्या कणगींत व्याली होती. पांच पिल्लें झालीं, त्यांतलें एक अगदीं अशक्त. आत्याबाई त्यास कापसाच्या वातीनें थेंब थेंब दूध पाजीत रात्रभर बसल्या होत्या. हें सारें त्या उत्साहानें सांगूं लागल्या. पण उंबऱ्यावर माप ठेवलेलें, नवी नवरी दारांत उभी, त्या गडबडींत त्यांचें ऐकतो कोण? आम्ही नऊ वर्षांचे होतों. अर्धवट ऐकलें आणि बुंदीच्या लाडवांच्या करंडीकडे धांवलों.

आज तो वाडा नाहीं. त्या जागीं सहा मजली इमारत आहे, आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही सात माणसें एकत्र राहतों. एकत्र कुटुंब टिकविलें म्हणून शेजारीपाजारी आमचें कौतुकही करितात. मात्र ज्यानें मागें राहावें असें ठरूनच गेलेलें आहे, असें माणूस आतां आमच्या घरांत कोणी नाहीं. हें फार चांगलें झालें. पण त्यामुळें भुऱ्या नांवाचा बोका आणि मोत्या नांवाचा कुत्रा यांची सोय लावणें हें एक स्वतंत्र काम होऊन बसलें.

जनावर बरोबर न्यावें, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. कुत्र्यास आगगाडीनें न्यावयाचें तर पहिल्या वर्गाचा दोघांचा किंवा चौघांचा सबंध कप्पा आपल्या नांवें घ्यावा लागतो. नाहीं तर त्याची रवानगी गार्डाच्या डब्यांतील पेटींत होते. म्हाताऱ्या मोत्यास त्या पेटींत घालावें असें आमच्यानें म्हणवेना. दुसरे कांहीं लोक वाट्या भरून ठेवून खुशाल कुलूप लावून जातात. त्यांच्या माहितीसाठीं सांगतों, कीं पाळलेल्या जनावरास पुरेसें अन्नपाणी न देणें किंवा त्यास टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं राज्यसभेंत आणलेल्या खाजगी विधेयकामुळें हा विषय सरकारास हातीं घ्यावा लागला होता. पहिल्या अपराधास त्या कायद्यांत दहा ते पन्नास रुपये दंड लिहिलेला आहे. एवढ्या रकमेची धास्ती कोणास वाटेल, हें निराळें!

उरला मार्ग जनावरांच्या वसतिगृहाचा. २०१९ सालच्या दिवाळींत आम्हीं तो पत्करला. शहराबाहेर अशी एक जागा होती, तेथें आठ दिवसांसाठीं दोघांस ठेवून आम्ही कोकणांत कुलदेवतेच्या दर्शनास गेलों. मोत्याचें कांहीं बिघडलें नाहीं. कुत्र्याची माया माणसांवर असते. चार नवीं माणसें आणि दोन सोबती मिळाले कीं तें रमतें. मांजराचें तसें नाहीं. तें माणसाइतकेंच जागेशीं बांधलेलें असतें. दाराची चौकट, खुर्चीचा पाय, आपल्या अंथरुणाचा कोपरा अशा ठिकठिकाणीं गाल घांसून त्यानें आपला वास लावून ठेविलेला असतो, आणि त्या वासांच्या वेढ्यांत त्यास निर्भय वाटतें. तेथून उचलून परक्या कुत्र्यांच्या भुंकण्यांत नेऊन ठेविलें, कीं तें लपून बसतें आणि अन्न सोडतें. भुऱ्यानें तेंच केलें. आठ दिवस वाटी भरली गेली आणि भरलेलीच उचलली गेली. ती रिकामी कां होत नाहीं हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं. आम्ही परत आलों तेव्हां त्याच्या कानांची आंतली बाजू पिवळी पडली होती. लठ्ठ मांजर तीनचार दिवस उपाशी राहिलें, कीं अंगांतील चरबी यकृताकडे धांव घेते आणि यकृत त्या भारानें निकामी होऊं लागतें, हें आम्हांस पशुवैद्यांनीं तेव्हां समजाविलें. पुढें तीन आठवडे नळीवाटे पोटांत अन्न घालावें लागलें. वसतिगृहाच्या चालकांस आम्ही पुष्कळ बोललों. पण रोज सायंकाळीं तेथें फोन केला असतां "दोघेही मजेंत आहेत" ह्या उत्तरावर आम्हीही समाधान मानीत होतों, हें येथें लपवीत नाहीं.

म्हणून २०२३ सालीं पुतण्याच्या मुलाची मुंज इंदूरास ठरली, तेव्हां घरीं येऊन राहणारें माणूस पैसे देऊन नेमावें असें आम्हीं ठरविलें. अशा माणसास पेट सिटर म्हणतात. धंदा म्हणून ह्या कामास अमेरिकेंत रूप आलें. पॅटी मोरान ह्या बाईंनीं १९८७ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें, १९८९ मध्यें तेथें ह्या लोकांची राष्ट्रीय संघटना निघाली, आणि १९९४ मध्यें मोरानबाईंनीं आपली निराळी संस्था काढली. आपल्याकडे पुण्यामुंबईस गेल्या कांहीं वर्षांत हें काम करणारीं माणसें मिळूं लागलीं आहेत. कोणी दिवसांतून दोनदां येऊन जातात, कोणी रात्रीं मुक्कामास राहतात. धाकट्या बंधूंनीं दर ऐकला आणि ते म्हणाले, "मांजरास दूध घालायचे एवढे रुपये?" त्यांस आम्हीं विचारलें, कीं आत्याबाईंस आपण काय देत होतों? वर्षाला दोन आलवणें. ते गप्प बसले.

पशुवैद्यांच्या ओळखीनें एक मुलगी आली. प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली, वय पंचविशीच्या आंतबाहेर. आम्ही तिची परीक्षा घेण्याच्या तयारींत होतों, पण परीक्षा तिनेंच आमची घेतली. आधीं लसींचीं पुस्तकें मागितलीं, कारण चावा अगर ओरखडा तिला व्हावयाचा होता. मग प्रश्न सुरू झाले. भुऱ्या भ्याला म्हणजे कोठें दडतो? घमेल्यांतील वाळू दिवसांतून किती वेळां ओली होते? मोत्या उजव्या पायानें लंगडतो तो केव्हांपासून? देवाच्या फुलांत लिली असते काय? लिलीचें पान किंवा नुसता परागही मांजराच्या पोटांत गेला तर मूत्रपिंडें बिघडतात, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा मोत्यास दर पौर्णिमेस मिळतो असें कौतुकानें सांगतांच तिनें कपाळास हात लावला. बेदाणे कुत्र्यास विषासमान. कांदाही दोघांस वर्ज्य. इतकीं वर्षें आमच्या प्रसादांतून तो कसा वांचला, तो सत्यनारायणच जाणे!

एक गोष्ट लिहितांना संकोच वाटतो, पण लिहिलीच पाहिजे. आमच्या मातुःश्रींचें वय तेव्हां पंच्याऐशी. त्यांनीं त्या मुलीचें आडनांव दोनदां विचारलें. दोन्ही वेळां तिनें तें सारख्याच शांतपणें सांगितलें. मग मातुःश्री आम्हांस आंत बोलावून म्हणाल्या, कीं तिनें जेवण बाहेरून आणावें आणि देवघराकडे फिरकूं नये. देवघरांतील पाटावर त्या क्षणीं भुऱ्या अंगाचें वेटोळें करून घोरत होता. आम्हीं त्याच्याकडे बोट दाखविलें. मातुःश्रींनीं तिकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें, आणि त्या म्हणाल्या, "बरें, गॅस कसा लावायचा तें तिला दाखवून ठेव."

निघण्यापूर्वीं ती एक रात्र आमच्या देखत राहून गेली, म्हणजे जनावरांस तिचा वास परका राहिला नाहीं. किल्ली देतांना तिच्या ओळखपत्राची प्रत आम्हीं घेतली, कपाटें बंद केलीं. त्यांत दोन्ही पक्षांची सोय असते. दिवाणखान्यांत कॅमेरा आहे तें तिला सांगितलें आणि ती निजावयाची त्या खोलींत तो नाहीं हें दाखविलें. न सांगतां कॅमेरा लावणारीं घरें आहेत असें ऐकतों; तीं स्वतःस सुशिक्षित म्हणवितात. शेवटीं तिनें आमच्याकडून एक पत्र लिहून घेतलें. आमच्या गैरहजेरींत जनावर आजारी पडल्यास अमुक पशुवैद्यांकडे न्यावें, शस्त्रक्रियेपर्यंत सर्व उपचारांस आमची संमति आहे, आणि ठराविक रकमेपर्यंतचा खर्च न विचारतां करावा. रक्कम तिच्या हवालीं केली. बंधूंनीं भुंवया उंचावल्या, पण बोलले नाहींत.

इंदूरास तिसऱ्या रात्रीं अकराच्या सुमारास तिचा फोन आला. दुसऱ्या दिवशीं पहांटे मातृभोजन, म्हणून कार्यालयांत निजानीज झाली होती. ती म्हणाली, "भुऱ्या संध्याकाळपासून सहा वेळां घमेल्यांत जाऊन बसला. वाळू कोरडी आहे." बंधू म्हणाले, "बद्धकोष्ठ झाला असेल, सकाळीं पाहूं." बोका कुंथूं लागला कीं बहुतेकांस असेंच वाटतें. तिनें उत्तर दिलें, "काका, हें बद्धकोष्ठ नाहीं. मी त्याला टोपलींत घातलें आहे, खालीं रिक्षा उभी आहे." बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो; खडे किंवा चिकट गाळ अडकून तो बंद झाला, तर विष रक्तांत भिनतें आणि एकदोन दिवसांत हृदय थांबतें. रात्रीं एक वाजतां पशुवैद्यांनीं नळी घालून मार्ग मोकळा केला. सकाळपर्यंत थांबलां असतां तर कठीण होतें, असें त्यांनीं मागून आम्हांस सांगितलें. दारावर पत्र दाखवितांच उपचार सुरू झाले. आमच्या होकाराची वाट पाहावी लागली नाहीं.

शेजारीं किल्ली ठेविली असती तर काय झालें असतें, याचा विचार आम्हीं परतीच्या गाडींत पुष्कळ केला. आमचे शेजारी सज्जन आहेत. दोन वेळां येऊन त्यांनीं वाट्या भरल्या असत्या आणि वाळू कोरडी पाहून आज झाडावें लागत नाहीं म्हणून त्यांस बरेंच वाटलें असतें.

आम्ही घरीं पोंचलों तेव्हां भुऱ्या दवाखान्यांतून परत आलेला होता, आणि टेबलावर एक वही होती. तींत प्रत्येक दिवसाचें टिपण होतें: मोत्यानें किती खाल्लें, केव्हां फिरून आला, भुऱ्या किती वेळां पाणी प्याला. चौथ्या दिवसाच्या पानावर पहांटेची वेळ घालून लिहिलें होतें, "स्वतःहून लघवी झाली", आणि त्याखालीं दोन रेघा ओढल्या होत्या.

हिशेब झाला, ठरलेल्या रकमेवर बंधूंनीं आपण होऊन कांहीं वाढविली, आणि मुलगी जाण्यास उठली. मातुःश्रींनीं तिला हात धरून स्वयंपाकघरांत नेलें, पुढें मुंजीच्या लाडवांची ताटली ठेविली, आणि समोर खुर्ची ओढून बसल्या. "पहिल्या दिवसापासून सांग," त्या म्हणाल्या. आमचे डबे, वळकट्या, औषधांच्या पिशव्या दिवाणखान्यांत तशाच पडल्या होत्या. तास दीड तास ती सांगत होती, आणि मातुःश्री मधून मधून प्रश्न विचारीत होत्या.

ती गेल्यावर त्या बराच वेळ तेथेंच बसून राहिल्या. मग आम्हांस हांक मारून म्हणाल्या, "कायरे, आत्याबाईंचें तें पांचवें पिल्लूं जगलें होतें का?"

आम्हांस सांगतां आलें नाहीं.