कँटनी भाषेतील रूपवर्णनाचे शब्द

दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांत, हाँगकाँग व मकाव येथे बोलल्या जाणाऱ्या कँटनी भाषेत रूपवर्णनपर शब्दांचा तुटवडा नाही. अभ्यासकाची फसगत होते ती निराळ्या कारणाने. शब्दाचा कोशगत अर्थ कळला, तरी तो स्तुतिपर आहे, लडिवाळ आहे की तुच्छतादर्शक, हे सूर, प्रत्यय व द्विरुक्ती यांवरून ठरते.

'लेङ्' म्हणजे सुंदर. हे विशेषण स्त्रीपुरुषांस तर लागतेच, पण उत्तम सूपासही लागते. त्यापुढे 'चै' (मुलगा; येथील 'च' आपल्या 'चाक'मधल्यासारखा) जोडून 'लेङ्' मध्यम सम सुरात उच्चारला, म्हणजे 'देखणा तरुण' असा अर्थ होतो. उंच सम सुरात उच्चारला, तर ऐकणाऱ्यास 'उनाड पोरटे' असे ऐकू येते! वास्तविक हे दोन भिन्न शब्द होत. सूरचिन्हांवाचून केलेल्या लिप्यंतरात मात्र ते एकरूप होतात. प्रस्तुत टिपणही त्या दोषातून मुक्त नाही. बाजारातील विक्रेते गिऱ्हाइकास 'लेङ्-चै' म्हणून हाक मारतात, तेव्हा त्यात रूपाची पारख अर्थातच नसते.

'फेइ' म्हणजे लठ्ठ. प्रमाण चिनीत हा शब्द प्रायः जनावरास व मांसास लावतात, माणसासाठी 'पांग्' हा वेगळा शब्द आहे. कँटनीत असा भेद नाही. म्हणून 'फेइ' ऐकताच अपमान झाला असे मानणे चुकीचे. 'फेइ-लोऊ' यातील 'लोऊ' (बाप्या) हा प्रत्यय रांगडा आहे, 'फेइ-चै' त्यामानाने सलगीचे. विशेषणाची द्विरुक्ती करून पुढे 'तेइ' जोडले, की अर्थ सौम्य होतो. 'फेइ-फेइ-तेइ' म्हणजे केवळ 'जाडसर'. मराठीतील '-सर' या प्रत्ययाचे कार्य येथे द्विरुक्ती व 'तेइ' मिळून करतात, आणि दुसऱ्या 'फेइ'चा सूरही चढता होतो. याउलट उत्तरपदाची द्विरुक्ती चित्र उभे करते. 'सौ-माङ्-माङ्' यात 'सौ' म्हणजे कृश, तर 'माङ्' म्हणजे नाकतोडा. 'पाक्-स्यूत्-स्यूत्' म्हणजे हिमासारखा पांढराशुभ्र.

हाँगकाँगच्या विनोदी अभिनेत्री लिडिया सम (1945–2008) यांस सारे शहर 'फेइ-फेइ' या नावानेच ओळखत असे. 'लठ्ठ लठ्ठ' असे त्याचे शब्दशः भाषांतर करणाऱ्याच्या हाती त्यातील जिव्हाळा लागणार नाही.