गाडीचा धूर आणि तापलेला तवा

सख्यांनो, आपल्याच तालुक्यात वाळूजला रिक्षा-मोटारसायकली बनतात, पण धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल आपल्याला कुणी सांगत नाही. मधाच्या पोळ्यासारखी ही जाळी, तिला प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप. पेट्रोल गाडीच्या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साईड ती मारते, पण सुमारे २५० ते ३०० अंश तापल्यावरच. तवा तापल्याशिवाय भाकरी भाजते का? म्हणून गटाच्या गाडीची नळी बदलताना कन्व्हर्टर सायलेन्सरच्या आधी, इंजिनजवळच बसवायला सांगा. मागे सरकवला तर उशिरा तापतो, तोवर विष बाहेर. ‘काढूनच टाकू, ॲव्हरेज वाढेल’ म्हणणाऱ्याचं आम्ही तरी ऐकणार नाही. सांधा गळत असेल तर आधी तो झाळून घ्या; मागच्या सीटवर लेकरं असतात. आणि हो, तापलेली गाडी उसाच्या पाचटावर उभी करू नका. पाचट पेटतं.