डोळा सरळ झाला, पण दोन-दोन दिसतंय!

आमचं घर काचीगुडा स्टेशनजवळ. त्यामुळे उपचारासाठी मराठवाड्यातून येणारे नातेवाईक आमच्याकडेच उतरतात. गेल्या वर्षी परभणीहून ताई आली, सतरा वर्षांच्या भाचीच्या तिरळेपणाचं ऑपरेशन करायला. ते छान झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि भाची म्हणाली, "मामा, मला दोन आई दिसतायत."

ताई रडायलाच लागली. "चांगल्या पोरीचा डोळा मी बिघडवला रे!"

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू असतात. ऑपरेशनमध्ये स्नायू सोडवून मागे शिवतात, किंवा थोडा कापून आखूड करतात. मेंदूला मात्र जुन्या कोनाची सवय असते. नवी जुळणी बसेपर्यंत दोन-दोन दिसू शकतं. बहुतेकांचं हळूहळू जातं, राहिलंच तर प्रिझमचा चष्मा देतात. भाचीचं दहा दिवसांत गेलं.

मग मी या विषयावर बरंच वाचलं. 1839 मध्ये बर्लिनला डीफेनबाख यांनी हे ऑपरेशन केलं, तेव्हा स्नायू नुसता कापत. पुढे कित्येकांचे डोळे उलट्या बाजूला वळले. आज मिलिमीटरमध्ये मोजून करतात, तरी थोडा तिरळेपणा उरू शकतो किंवा डोळा दुसरीकडे झुकू शकतो. मग पुन्हा ऑपरेशन लागतं. त्यात दरवेळी कुणाची चूक असतेच असं नाही.

स्नायू ओढताना नाडीही मंदावू शकते. भूलतज्ज्ञ त्यावर लक्ष ठेवून असतात. ओढ सैल केली की ती बहुधा पूर्ववत होते, गरज पडल्यास अॅट्रोपिन देतात. म्हणून हृदयाचा त्रास, चालू औषधं आधीच सांगावीत.

लाली, टोचणं, थोडं दुखणं चालतं. पण दुखणं किंवा सूज वाढत गेली, पू आला, नजर अंधुक झाली, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. डोळा एका बाजूला वळेनासा झाला, तर शिवलेला स्नायू सुटलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आमची खरी चूक वेगळीच होती. "तिरळा डोळा नशीबवान असतो" म्हणत आम्ही इतकी वर्षं घालवली. डोळा सरळ झाला, पण त्याची मंद राहिलेली नजर ऑपरेशनने परत आली नाही. त्यासाठी चष्मा आणि पट्टी लहानपणीच हवी होती.

तुमच्या घरात असं लहान मूल असेल, तर या महिन्यातच दाखवा.