उपेक्षित ध्वनिमुद्रिकांचे ऋण

‘हेवी मेटल’ हे नाव काढले की आपल्याकडे बहुतेकांच्या कपाळाला आठी पडते. कानठळ्या बसविणारा गोंगाट, केस वाढवलेली पोरे आणि वेष्टनावर कवट्यांची चित्रे, एवढाच या संगीताशी आपला परिचय! या संगीताची वकिली करावी म्हणून हा लेख लिहिलेला नाही. पण त्याच्या इतिहासात एक प्रश्न फार स्पष्टपणे समोर येतो, आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्यालाही तितकाच लागू आहे. जी कलाकृती आपल्या काळात खपली नाही, तिचे मोल कशावरून ठरवायचे?

प्रथम या संगीताची थोडी ओळख करून घेऊ. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडने १९७० साली आपली पहिली ध्वनिमुद्रिका काढली. हेवी मेटलचा आरंभ सामान्यतः तिथपासून मानतात. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याने पत्र्याच्या कारखान्यात काम करताना उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावली होती. बोटांना कृत्रिम टोप्या बसवून तो वाजवी. पुढे त्याने गिटारच्या तारा सैल करून खालच्या स्वरात लावल्या, आणि त्यातून एक जड, घुमणारा नाद तयार झाला. या संगीताचा प्राण म्हणजे ‘रिफ’, म्हणजेच गिटारवर फिरून फिरून येणारा छोटा, ठसठशीत स्वरसमूह. एकल तबलावादनातला लहरा जसा आवर्तनागणिक परत येतो, तसाच हा. फरक इतकाच की लहरा साथीला असतो, तर रिफ हीच गाण्यातली मुख्य वस्तू असते.

आता पहिले उदाहरण पाहू. बर्मिंगहॅमजवळच्या स्टाउरब्रिज गावातील शाळकरी मित्रांनी १९७६ साली ‘डायमंड हेड’ हा बँड काढला. मोठी कंपनी पुढे येईना, तेव्हा १९८० साली त्यांनी स्वतःच तबकडी काढली. पहिल्या खेपेच्या प्रती अवघ्या एक हजार! पांढरे कोरे वेष्टन, त्यावर नावसुद्धा नाही, फक्त एकेका सभासदाची सही. कार्यक्रमांच्या ठिकाणी आणि टपालाने ती विकली गेली. पुढे ती ‘लाइटनिंग टू द नेशन्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यात गाणी सातच आहेत. ‘अॅम आय ईव्हिल?’ या गाण्याचा आरंभ गुस्ताव होल्स्टच्या मंगळ ग्रहावरील रचनेवर बेतलेला आहे. (ऋग्वेदातील सूक्तांना संगीत देणारा तो हाच होल्स्ट.) ध्रुपद आणि कडवे यांच्या नेहमीच्या चौकटीत न राहता हे गाणे एका रिफवरून दुसऱ्या रिफवर जाते, आणि मध्येच लय बदलून धावू लागते.

मूळचा डेन्मार्कचा आणि कॅलिफोर्नियात राहणारा लार्स उलरिख हा सतरा वर्षांचा मुलगा या तबकडीने इतका भारला की १९८१ च्या उन्हाळ्यात तो थेट इंग्लंडला गेला आणि या बँडच्या घरी पाहुणा म्हणून राहिला. परतल्यावर त्याने ‘मेटॅलिका’ची स्थापना केली. त्यांच्या सुरुवातीच्या कार्यक्रमांत डायमंड हेडची गाणी ठळकपणे असत. १९८४ साली त्यांनी ‘अॅम आय ईव्हिल?’ ध्वनिमुद्रितही केले. लांबलचक, अनेक रिफांची, लय बदलणारी गाणी हे मेटॅलिकाचे वैशिष्ट्य जगभर गाजले. ज्यांच्याकडून ते उचलले, तो बँड मात्र १९८५ साली मोडला होता.

दुसरे उदाहरण स्वित्झर्लंडचे. झुरिकजवळच्या एका खेड्यातला टॉम गॅब्रिएल फिशर याच्या ‘हेलहॅमर’ या बँडची समीक्षकांनी यथेच्छ टवाळी केली. ती सहन करून त्याने १९८४ साली ‘सेल्टिक फ्रॉस्ट’ उभा केला. पुढच्याच वर्षी ‘टू मेगा थेरिऑन’ निघाली. वेष्टनावर एच. आर. गीगर या प्रसिद्ध स्विस चित्रकाराचे चित्र होते, आणि आत संथ, दगडासारख्या जड रिफांबरोबर फ्रेंच हॉर्न आणि स्त्रीस्वर होते. त्या काळी हे मिश्रण विचित्रच वाटले असणार. पण १९९० साली फ्लॉरिडाच्या ‘ऑबिच्युअरी’ने त्यांचे गाणे आपल्या ध्वनिमुद्रिकेत घेतले, आणि नॉर्वेच्या तरुण वादकांनीही त्यांनाच गुरुस्थानी मानले.

तिसरे उदाहरण त्याहून दूरचे. ब्राझीलच्या बेलो ओरिझोंते शहरातील ‘सार्कोफागो’ या बँडने १९८७ साली ‘आय. एन. आर. आय.’ ही ध्वनिमुद्रिका काढली. त्याच गावचा ‘सेपुल्तुरा’ जगप्रसिद्ध झाला आणि हे मागे राहिले. ध्वनिमुद्रण ओबडधोबड, पण ड्रमचा वेग अंगावर येणारा. ब्राझीलमधला हा आवाज नॉर्वेत पोहोचला, आणि १९९९ साली ‘सॅटिरिकॉन’ने त्यांचे शीर्षकगीत पुन्हा वाजविले. बँडचा गायक वॅग्नर लामुनिये पुढे विद्यापीठात प्राध्यापक झाला, हे आपल्या प्राध्यापकवर्गाच्या माहितीसाठी सांगितलेले बरे!

न खपलेल्या या तबकड्या इतक्या दूर गेल्या कशा? त्याचे उत्तर कॅसेट आणि टपाल हे आहे. एकाने तबकडी मिळवायची, कॅसेटवर उतरवायची आणि परदेशातल्या मित्राला धाडायची. त्याने आणखी चार प्रती करायच्या. या देवघेवीचा हिशेब कोणत्याही कंपनीच्या वहीत नाही. आपल्याकडील साठोत्तरी लघुनियतकालिके आठवून पाहावीत. प्रती थोड्या, वाचक मोजके. पण त्या वाचकांतले अनेकजण स्वतः लिहिणारे होते, म्हणून मराठी कवितेचे वळण बदलले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. न खपलेले सारेच थोर असते, असे नव्हे. बहुसंख्य विस्मृत ध्वनिमुद्रिका विस्मृतीच्याच लायकीच्या असतात. खप आणि गुणवत्ता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढेच यातून सिद्ध होते. खपावरून किती जणांनी ऐकले ते कळते. ऐकल्यावर कोणी काय केले, ते कळत नाही. हजार श्रोत्यांपैकी एक जरी लार्स उलरिख निघाला, तरी ती तबकडी वाया गेली असे म्हणता येत नाही.

आपल्या ग्रंथालयात असे एखादे पुस्तक हाती येते की ज्याच्या मागच्या चिठ्ठीवर देवघेवीच्या दोनच तारखा असतात. ते परत फडताळात ठेवण्यापूर्वी निदान चार पाने वाचून पाहावीत. त्या दोन वाचकांपैकी एकाने पुढे काय केले, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.