एक मिलिमीटर म्हणजे किती तास? पातळ लॅपटॉप आणि बॅटरीचं गणित

आजचा भाग एका फोनमुळे सुचला, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

माझा मामा चाकणला कारखान्यात आहे, घर तळेगावला. मामेबहीण आकुर्डीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली. मागच्या रविवारी तिचा फोन आला. "दादा, पप्पांनी साठ हजारांपर्यंत घे म्हटलंय. दोन बघितलेत. एक इतका पातळ आहे ना, वहीसारखा! दुसरा थोडा जाड आहे. सांग ना, कुठला घेऊ?" मागून मामाचा आवाज आला, "त्याला विचार, चार वर्षं चालला पाहिजे. परत परत नाही घेणार मी."

मी म्हटलं, दोन दिवस दे. कारण हाच प्रश्न मी स्वतःला चार वर्षांपूर्वी विचारला होता, आणि उत्तर चुकलं होतं.

गुरुवारची मुलाखत

मी जुन्या सांगवीत भाड्याने राहतो. आपल्याकडे गुरुवार हा लाइट जाण्याचा वार. दुरुस्तीची कामं त्या दिवशी काढतात, हे पुण्या-पिंपरीत सगळ्यांना पाठ आहे. सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्टपुरता. पण मला कसली काळजी? माझा लॅपटॉप पातळ, हलका, आणि जाहिरातीत लिहिलेलं होतं: बारा तास बॅटरी.

एका गुरुवारी सकाळी अकराला माझी व्हिडिओ कॉलवर मुलाखत होती. दहाला लाइट गेली. तासभर उजळणी केली, मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कॉल जोडला. पन्नासेक मिनिटं झाली, मी कोड लिहीत होतो, आणि स्क्रीन काळी. चार्जर लावायला लाइटच नाही. त्यांनी मोठ्या मनाने पुन्हा वेळ दिली, पण तोवर ती जागा भरली होती.

बारा तासांचे दोन तासही का नाही झाले? चिडून गणित मांडलं, तेव्हा कळलं की यात गूढ काहीच नाही. हा सगळा पाचवीतला भागाकार आहे.

टाकी आणि नळ

बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी समजा. टाकीत किती मावतं ते वॉट-अवरमध्ये मोजतात. नळ किती मोठा सोडलाय ते वॉटमध्ये. वॉट-अवरला वॉटने भागा, तास मिळतात. बस.

माझी बॅटरी नवीन होती तेव्हा ४५ वॉट-अवरची होती. आता जाहिरातीचे १२ तास उलटे भागा: ४५ भागिले १२, म्हणजे पावणेचार वॉट. एवढ्याशा विजेत काय होतं? स्क्रीन मंद करून एखादा व्हिडिओ चालतो, तेवढंच. कोड लिहिणं, ब्राउझरच्या वीस टॅब, वर व्हिडिओ कॉल, असं सगळं मिळून माझा लॅपटॉप २२ वॉटच्या आसपास ओढतो.

आणि टाकीसुद्धा ४५ची राहिली नव्हती. लिथियम-आयन बॅटरी वापरागणिक आटते. त्या सकाळी माझी पूर्ण चार्ज बॅटरी म्हणजे जेमतेम ३० वॉट-अवर होती. पहिल्या तासाच्या साध्या वाचनात १० गेले. उरले २०. वीस भागिले बावीस, म्हणजे पंचावन्न मिनिटांच्या आत खेळ खलास. जाहिरातीने खोटं सांगितलं नव्हतं, मी भागाकार केला नव्हता.

मग पातळपणाची किंमत किती?

आता मुख्य मुद्दा. चांगल्या लिथियम-आयन बॅटरीत एका घन सेंटीमीटरमध्ये ढोबळमानाने अर्धा वॉट-अवर मावतो. लॅपटॉपच्या आत बॅटरीला साधारण २० बाय १० सेंटीमीटरची जागा मिळते असं धरू. म्हणजे २०० चौरस सेंटीमीटर. या जागेत बॅटरी फक्त १ मिलिमीटर जाड केली, तर २० घन सेंटीमीटर वाढतात, म्हणजे सुमारे १० वॉट-अवर. वजन वाढतं पन्नासेक ग्रॅम. साध्या कामाला लॅपटॉप १० वॉट घेत असेल, तर हा झाला एक अख्खा तास.

लक्षात ठेवायला सोपं: एक मिलिमीटर, एक तास. अगदी काटेकोर नाही, पण दुकानात उभं राहून विचार करायला पुरेसं.

पातळ करण्यात आणखी दोन तोटे आहेत. पातळ लॅपटॉपमधली बॅटरी पाकिटासारखी असते. पाकिटाचं आवरण ठरावीक जाडीचंच लागतं, त्यामुळे बॅटरी जितकी पातळ, तितका आवरणाचा वाटा जास्त आणि आतल्या मालाचा कमी. शिवाय चार्ज होताना बॅटरी किंचित फुगते, म्हणून थोडी जागा मोकळी सोडावीच लागते. दुसरा तोटा उष्णतेचा. पातळ अंगात पंखा छोटा, हवा खेळायला जागा कमी. लॅपटॉप तापतो, आणि उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते.

कंपन्यांनी काय निवडलं

जानेवारी २००८मध्ये स्टीव्ह जॉब्जनी कागदी लिफाफ्यातून पहिला मॅकबुक एअर बाहेर काढला. सगळं जग त्या लिफाफ्याकडे बघत राहिलं. आत बॅटरी होती ३७ वॉट-अवरची, दावा ५ तासांचा, आणि ती बॅटरी घरच्या घरी बदलता येत नव्हती. पुढची बरीच वर्षं बाकीच्या कंपन्या त्याच वाटेने गेल्या.

उलटं उदाहरण थिंकपॅड टी-४८०चं, २०१८ सालचं. त्यात एक बॅटरी आत आणि दुसरी मागे, खटक्याने निघणारी. लॅपटॉप चालू ठेवूनच मागची बॅटरी बदलता यायची. जाडी सुमारे २० मिलिमीटर. पुढच्या वर्षीचा टी-४९० सुमारे १८ मिलिमीटरचा झाला, आणि ती निघणारी बॅटरी गेली. दोन मिलिमीटरसाठी काय सोडलं ते बघा.

पण मंडळी, "जाड तेच चांगलं" असंही मी म्हणणार नाही. टाकी तीच ठेवून नळ बारीक करता येतो. २०२०च्या सुरुवातीच्या मॅकबुक एअरमध्ये इंटेलची चिप होती, बॅटरी ४९.९ वॉट-अवर, वेब बघण्याचा दावा ११ तास. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एम-१ चिपवाला आला. अंग तेच, बॅटरी तीच ४९.९, दावा १५ तास. एक मिलिमीटरही न वाढवता चार तास वाढले, फक्त चिपने वीज कमी खाल्ली म्हणून.

त्याच्या पुढची गंमत बघा. २०२२चा एम-२ एअर ११.३ मिलिमीटरपर्यंत पातळ झाला, आणि वेबचा दावा राहिला तोच, १५ तास. म्हणजे यावेळी जी काही बचत झाली, ती तास वाढवायला नाही, अंग बारीक करायला खर्ची पडली. ही बचत कुठे खर्चायची, हे प्रत्येक वेळी कंपनी ठरवते. आपण फक्त विकत घेताना मत देऊ शकतो.

वरच्या टोकालाही एक भिंत आहे. विमानात परवानगीशिवाय १०० वॉट-अवरपर्यंतचीच बॅटरी नेता येते. म्हणूनच मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही ९९ वॉट-अवरच्या आसपास येऊन थांबते.

दुकानात जाण्याआधी

बहिणीला मी "हा घे" असं सांगितलं नाही. चार गोष्टी बघायला सांगितल्या, त्याच तुम्हालाही सांगतो.

एक, तासांचा आकडा सोडा, वॉट-अवर विचारा. बॅटरीच्या स्टिकरवर आणि कंपनीच्या माहितीपत्रकात तो असतो.

दोन, आपल्या कामाचे वॉट धरा. नोट्स आणि ब्राउझर असेल तर ८ ते १०, व्हिडिओ कॉल आणि कोडिंग असेल तर २०च्या पुढे. भागाकार करा. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षासाठी उत्तराचा एक चतुर्थांश काढून टाका. जे उरेल, ते मामाच्या "चार वर्षं"चं खरं उत्तर.

तीन, बॅटरी बदलता येते का, आणि किती रुपयांत. स्क्रूने बसवलेली असेल तर दुरुस्तीवाला थोड्या वेळात बदलतो. गोंदाने चिकटवलेली असेल तर काम अवघड आणि महाग. माझ्या पातळ लॅपटॉपची नंतर फुगली, इतकी की टचपॅड दाबलाच जाईना. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग बंद, वापर बंद, थेट दुरुस्तीला. टोचायची, दाबायची नाही.

चार, घेतल्यावर दिवसभर चार्जरला लावून ठेवायचा असेल, तर ८० टक्क्यांची मर्यादा लावा. बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये सेटिंग असतं. आणि वर्षातून एकदा बॅटरी रिपोर्ट काढा. मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. मी तो मुलाखतीच्या आधी काढला असता तर आज ही गोष्ट सांगायला नसती.

आणि हो, पातळ लॅपटॉप घेणं चूक नाही. ज्याच्या टेबलाशेजारी कायम प्लग आहे आणि पाठीवर रोज ओझं आहे, त्याने खुशाल घ्यावा. फक्त काय देऊन काय घेतोय, ते माहीत असावं.

मंगळवारी संध्याकाळी बहिणीचा मेसेज आला, दुकानातूनच. "दादा, पातळवाला ४२ वॉट-अवर, बॅटरी चिकटवलेली. जाडवाला ६०, स्क्रूची. फरक अडीच मिलिमीटर आणि दोनशे ग्रॅम. प्रॅक्टिकलच्या दिवशी मला पाच तास लागतात. दहा वॉटने भागलं आणि चतुर्थांश काढला, तर पातळवाला तीन तासांवर येतो." खाली दुसरा मेसेज: "पप्पा म्हणतात जाडवाला घे. मी त्यांच्याआधीच ठरवलं होतं."

मग तिसरा: "पण वहीसारखा दिसत होता रे तो."

तुमच्या लॅपटॉपची मूळ क्षमता किती आणि आता किती उरलीय, ते आज एकदा बघून घ्या. गुरुवार यायच्या आधी. भेटू पुढच्या भागात.